थिजलेल्या जिवाला दुखत का नाही?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी तुमची सहयोगिनी. आजवर या कार्यक्रमात मी कर्जफेड, पासबुक आणि ग्रामसंघाचे हिशोब याच गोष्टी बोलत आले. आजचा विषय वेगळा आहे, आणि तो एका कोंबडीमुळे निघाला.

गेल्या पावसाळ्यात एका गटाची बैठक चालू होती. तेवढ्यात परसात कुत्र्यानं कोंबडी धरली. आम्ही सगळ्या धावलो, आरडाओरडा केला, तेव्हा त्यानं ती टाकली. मान लोंबलेली, अंग गार, पंखाखाली मांस उघडं पडलेलं. गेलीच म्हणून आम्ही ती टोपलीखाली झाकून ठेवली आणि पुन्हा बैठकीला बसलो. थोड्या वेळानं टोपली हलायला लागली. उचलून बघतो तर कोंबडी उठून सरळ खुराड्याकडे चालू लागली. जखमेला हळद लावली तरी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी मात्र ती पंख ओढत कोपऱ्यात बसली आणि हात लावू देईना.

एकीनं विचारलं, "ताई, दुपारी हिला दुखलं नसेल का?" मी काही बोलायच्या आत गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "नसेल दुखलं. मला ठाऊक आहे." या मावशी बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत. वाटेत त्यांनी मला सांगितलं. लग्नाआधी शेतातून परत येताना एका माणसानं त्यांना धरलं होतं. हात हलेना, पाय उचलेना, तोंडातून आवाज फुटेना. अंगावरच्या जखमा त्यांना कळल्या त्या घरी आल्यावर. आणि घरच्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ओरडली का नाहीस?" मावशी म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, मी अजून स्वतःला तेच विचारते."

नाव आणि गाव न सांगता ही गोष्ट सांगायची परवानगी त्यांनीच मला दिली. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. म्हणून मी शोधायला लागले, की जीव असा थिजतो आणि त्याला दुखतही नाही, हे माणसाला कधी कळलं आणि कसं कळलं. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे मांडते.

सुरुवातही कोंबडीपासूनच होते. १६४६ साली रोममधले किर्शर नावाचे एक विद्वान पाद्री होते. त्यांनी आपल्या पुस्तकात एक चमत्कारिक प्रयोग लिहून ठेवला. कोंबडीचे पाय बांधायचे, तिला जमिनीवर निजवायचं आणि चोचीपासून पुढे खडूनं एक रेघ ओढायची. मग पाय सोडले तरी कोंबडी जागची हलत नाही. किर्शर यांना वाटलं, कोंबडी त्या रेघेलाच दोरी समजते आणि अजून आपण बांधलेल्या आहोत असं मानते. पुढे दोनशे वर्षं हा जादूचा खेळ म्हणूनच चालला. १८७० च्या दशकात युरोपातल्या शास्त्रज्ञांनी तो नीट तपासला. रेघ नसली तरी चालतं, दोरी नसली तरी चालतं, कोंबडी फक्त घट्ट दाबून धरली की ती थिजते, हे दिसलं. जर्मनीतले प्रेयर म्हणाले की हा कल्पनेचा खेळ नाही, ही भीती आहे.

याचा पक्का पुरावा मिळायला आणखी शंभर वर्षं जावी लागली. १९७१ साली अमेरिकेतल्या गॉर्डन गॅलप यांनी कोंबड्यांसमोर पेंढा भरलेला शिकारी पक्षी ठेवला. तो समोर असला की कोंबड्या जास्त वेळ निपचित पडून राहत. त्या पक्ष्याचे डोळे झाकले की हा वेळ कमी होई. शिकारी आपल्याकडे बघतोय, एवढंच कोंबडीला पुरत होतं. घार घिरट्या घालायला लागली की पिल्लं जागच्या जागी दबून बसतात, ते आपण लहानपणापासून बघत आलोय.

पण पडून राहून फायदा काय? १९७५ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात कोल्ह्यांपुढे पन्नास बदकं सोडली होती. धरल्याबरोबर बहुतेक बदकं मेल्यासारखी निपचित झाली. कोल्ह्यानं धरल्यानंतरही त्यातली एकोणतीस जिवंत होती. तडफडणारं भक्ष्य शिकारी पुन्हा पुन्हा चावतो. पडून राहिलेल्याला तो कधी कधी बाजूला ठेवतो आणि दुसऱ्याच्या मागे लागतो. तेवढ्यात उठून पळता येतं. आमच्या कोंबडीनं तेच केलं. म्हणजे हे पडून राहणं हार मानणं नव्हे, तो जीव वाचवण्याचा शेवटचा डाव आहे.

आता दुखण्याकडे येऊ. यातली सगळ्यात गाजलेली साक्ष एका माणसाची आहे, आणि त्या माणसाच्या गोष्टीला आपल्या नाशिकचा एक धागा आहे.

डेव्हिड लिव्हिंगस्टन हे स्कॉटलंडचे डॉक्टर, धर्मप्रसारक आणि प्रवासी. १८४४ साली ते दक्षिण आफ्रिकेत माबोत्सा नावाच्या जागी राहत होते. तिथं सिंह गुरं मारत होते, म्हणून गावकऱ्यांबरोबर तेही शिकारीला गेले. त्यांनी गोळ्या झाडल्या आणि बंदूक पुन्हा भरत असताना जखमी सिंहानं झेप घेतली. खांदा धरून त्यानं त्यांना गदागदा हलवलं. डाव्या दंडाचं हाड पार मोडलं. त्यांचे सोबती मेबाल्वे मदतीला धावले. सिंह त्यांच्यावर गेला, मग तिसऱ्या माणसावर गेला आणि आधी लागलेल्या गोळ्यांनी कोसळला. १८५७ साली लिव्हिंगस्टन यांनी आपल्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सांगितलंय की सिंहानं हलवताच त्यांना एक प्रकारची गुंगी आली. काय चाललंय ते सगळं कळत होतं, पण वेदना नव्हती आणि भीतीही नव्हती. मांजरानं पहिला झटका दिल्यावर उंदराला असंच वाटत असेल, असं त्यांनी लिहिलं. हिंस्र प्राण्याच्या तोंडी सापडलेल्या सगळ्याच जिवांना ही गुंगी येत असावी आणि ती देवाची दया असावी, असं त्यांचं मत झालं.

त्यांचं ते हाड कधी नीट जुळलं नाही. १८७३ साली ते आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारले. चुमा, सुसी आणि इतर आफ्रिकी सोबत्यांनी त्यांचं शव महिनोन्‌महिने पायपीट करून समुद्रकाठी आणलं. या सोबत्यांत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. गुलामांच्या व्यापारातून सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकजवळच्या शरणपूरमध्ये आसरा आणि शिक्षण मिळत असे. जेकब तिथंच शिकला होता. शवाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला. तिथं डॉक्टरांनी दंडाचं ते मोडलेलं हाड बघूनच हे शव लिव्हिंगस्टन यांचं असल्याची खात्री केली. सिंहाच्या दातांची ती खूण तीस वर्षांनी कामी आली.

एका माणसाच्या सांगण्यावरून शास्त्र ठरत नाही. पुढची साक्ष दुसऱ्या महायुद्धातली. १९४४ साली इटलीत आंझियोच्या किनाऱ्यावर घनघोर लढाई चालू होती. तिथं हेन्री बीचर नावाचे भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांवर उपचार करत होते. कुणाचं हाड फुटलेलं, कुणाचं पोट फाटलेलं. दुखतंय का, औषध हवं का, असं त्यांनी दोनशेहून जास्त सैनिकांना विचारलं. जवळजवळ चारातले तीन जण नको म्हणाले. त्यांची कातडी बधिर झाली होती असंही नाही. सुई नीट टोचली नाही तर तेच सैनिक कुरकुर करत. हे सैनिक थिजलेले नव्हते, त्यामुळे त्यांची गोष्ट आपल्या कोंबडीसारखी नाही. पण जखम मोठी असली तर दुखणंही तेवढंच मोठं, हा आपला समज चुकीचा आहे, हे बीचर यांच्यामुळे जगाला कळलं. दुखणं मेंदू ठरवतो. मेंदू ते वाढवू शकतो आणि थांबवूही शकतो.

थांबवतो तरी कसा? १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या मेंदूत एका ठरावीक जागी बारीक तार घालून विजेचा सौम्य प्रवाह सोडला. ही जागा मेंदूच्या खालच्या अंगाला, आत खोलवर असते. तिथं पाण्याची एक बारीक नळी असते आणि तिच्याभोवती करड्या रंगाचा थर असतो. प्रवाह चालू असताना भूल न देता उंदराचं पोट उघडलं, तरी त्यानं वेदना दाखवली नाही. ऐकायला हे क्रूर वाटतं, आणि वाचताना मलाही वाटलं. वेदनेचा शोध प्राण्यांना दुखवूनच लागला, हे या इतिहासातलं एक काळं पान आहे. १९८३ साली या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनंच जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नियम प्रसिद्ध केले.

यापुढच्या भागात दोन बायका येतात. पहिली हुडा अकिल. तिचा जन्म सीरियातल्या दमास्कसचा, शिकायला ती अमेरिकेत गेली. अफूचा परिणाम उतरवणारं नॅलॉक्सोन नावाचं एक औषध असतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी असा प्रवाह सोडलेल्या उंदरांना हे औषध दिलं. वेदना थांबवणारा तो परिणाम काही प्रमाणात उतरला. उंदरांना अफू तर कुणी दिलीच नव्हती. मग औषधानं उतरवलं काय? याचा अर्थ, शरीर स्वतःच अफूसारखं काहीतरी तयार करत असणार.

दुसरी कँडेस पर्ट. १९७३ साली विद्यार्थिनी असताना तिनं आपल्या मार्गदर्शकांबरोबर दाखवून दिलं की मेंदूत अफू जाऊन चिकटते अशा खास जागा आहेत. कुलूप सापडलं, म्हणजे किल्लीही असणार. ती १९७५ साली स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ या दोघांना डुकरांच्या मेंदूत सापडली. आज आपण त्या कुळातल्या द्रव्यांना एंडॉर्फिन म्हणतो. १९७८ साली या शोधासाठी अमेरिकेतला मोठा पुरस्कार जाहीर झाला तो तीन पुरुषांना. पर्टचं नाव त्यात नव्हतं. तिनं लेखी निषेध केला आणि तो गाजला. काम बाईचं आणि सही दुसऱ्याची, हे आपल्याला नवीन नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता थिजणं आणि न दुखणं या दोन्हींची गाठ कुणी मारली ते बघू. हवाईमध्ये कॅरोलाइन आणि रॉबर्ट ब्लँचर्ड हे नवरा-बायको उंदीर घाबरले की काय करतात याचा अभ्यास करत होते. पळायला वाट नसली की उंदीर अंग चोरून अगदी स्थिर राहतो, फक्त श्वास चालू असतो. हे भीतीचं खात्रीचं लक्षण आहे, असं त्यांनी १९६९ साली दाखवलं. मग १९८० साली रॉबर्ट बोल्स आणि मायकेल फॅन्सलो यांनी एक विचार मांडला. भीती आणि दुखणं यांची कामं वेगवेगळी आहेत. भीतीचं काम आत्ता जीव वाचवायचं. दुखण्याचं काम नंतर जखम जपायला लावायचं, म्हणजे चाटणं, निजणं, अंग न हलवणं. दोन्ही एकदम चालली तर जीव जाईल. घराला आग लागली की आपण पोरं बाहेर काढतो, हाताला चटका बसलाय हे नंतर कळतं. तसंच हे.

हा विचार त्यांनी तपासूनही बघितला. उंदराच्या पायाला झोंबणारं औषध टोचलं की तो सारखा पाय चाटतो. पण पूर्वी जिथं झटके बसले होते त्या पेटीत ठेवलं की तो थिजतो आणि पायाकडे बघतही नाही. नॅलॉक्सोन दिलेले उंदीर मात्र त्याच पेटीत पुन्हा पायाकडे वळले. १९८५ साली याच फॅन्सलो यांच्या प्रयोगशाळेतून आणखी एक गोष्ट पुढे आली. नुसतं मांजर समोर आणलं तरी उंदरांचं दुखणं कमी होतं, आणि तेही शरीरातल्या या अफूमुळेच. पुढे ऑस्ट्रेलियात आणि इतरत्र झालेल्या अभ्यासांतून कळलं की थिजवणं आणि दुखणं थांबवणं ही दोन्ही कामं त्याच करड्या थरातून होतात. भीतीची खबर तिथं पोचते. तिथून निरोप पाठीच्या कण्यात उतरतो आणि जखमेकडून वर येणारा निरोप वाटेतच अडवला जातो.

यातून आपल्या रोजच्या कामाची एक गोष्ट निघते. कुत्र्यानं किंवा बिबट्यानं धरलेली शेळी शांत उभी असेल तर तिला काही झालं नाही असं समजू नका. शांत आहे म्हणजे बरी आहे असं नव्हे. तिला उजेडापासून आणि गडबडीपासून दूर ठेवा, जखमा शोधा आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. दुखणं मागाहून येतंच.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. १९७९ साली सुआरेझ आणि गॅलप यांनी लिहिलं की बलात्काराच्या वेळी अनेक बायकांचं जे होतं ते प्राण्यांच्या या थिजण्याशी जुळतं. हलता येत नाही, ओरडता येत नाही, अंग बधिर होतं. हे गॅलप म्हणजे कोंबड्यांवर काम करणारेच. २०१७ साली स्वीडनमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टॉकहोमच्या एका दवाखान्यात अत्याचारानंतर आलेल्या २९८ बायकांना विचारलं होतं. शंभरातल्या सत्तर जणी म्हणाल्या की त्या वेळी शरीर बऱ्याच प्रमाणात थिजलं होतं. जवळजवळ निम्म्या जणींचं थिजणं अगदी टोकाचं होतं. ज्या थिजल्या होत्या त्यांना सहा महिन्यांनी मनाचा त्रास होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. त्या वेळी दुखलं नाही, याचा अर्थ इजा झाली नाही असा होत नाही.

ज्या वर्षी परदेशात हे छापलं जात होतं, त्याच वर्षी आपल्या देशात याच प्रश्नावर वादळ उठलं होतं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. तिच्या नावानं तो खटला देशभर ओळखला जातो, पण मी ते नाव घेत नाही. खालच्या कोर्टानं पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणजे तिची हरकत नव्हती, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं या एक गोष्टी नाहीत, असं त्यांनी बजावलं. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं ते मानून चालायचं, असं ठरलं. २०१३ साली आणखी एक वाक्य आलं. बाईनं अंगानं प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ६३ मध्ये, हेच कायम आहे.

कायद्यात ते वाक्य उंदीर-कोंबड्यांच्या प्रयोगांमुळे आलं नाही, बायकांच्या लढ्यामुळे आलं. पण शास्त्र आणि लढा वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले. "ओरडली का नाहीस" हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्या क्षणी मेंदू थिजायचं ठरवतो, त्या क्षणी बाईला विचारत नाही. आवाज बंद करणारा, हात-पाय धरून ठेवणारा आणि दुखणं थांबवणारा तो मेंदूच असतो, आणि तो तिला जिवंत ठेवण्यासाठीच झटत असतो. प्रत्येक जण थिजतो असं नाही. कुणी ओरडतं, कुणी पळतं, कुणी चावतं. यातलं काहीही झालं तरी दोष करणाऱ्याचा.

म्हणून गटातल्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. उद्या कुणी मुलगी, सून, शेजारीण तुमच्याकडे येऊन काही सांगायला लागली तर तिला हा प्रश्न विचारू नका. "आलीस ते बरं केलंस" एवढं म्हणा आणि जवळ बसा. मदतीसाठी १८१ हा महिलांचा फोन आहे, तातडीनं पोलीस हवे असतील तर ११२ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र आहे. जखमा लगेच दिसल्या नाहीत तरी दवाखान्यात न्या. का ते आता तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मावशींच्या घरी गेले. कोंबडी, सिंह, उंदीर, सगळं त्यांना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, हात थांबला नाही. शेवटची भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं." मी म्हटलं, "नव्हतंच मावशी." त्यांनी भाकरी उलटली आणि मला जेवायला बसवलं.

आमची ती कोंबडी आता बरी आहे. पंख थोडा वाकडा राहिला, पण अंडी घालते. पुढच्या वेळी पुन्हा पासबुकाबद्दल बोलू. नमस्कार.